सुईपासून कुंचल्यापर्यंत

कलेचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा राजवाडे, देवालयें आणि चित्रशाळा यांच्या महाद्वारांतून आंत शिरतात. माजघराच्या दारांतून आंत जाणारे फार थोडे. वास्तविक पाहतां मनुष्याच्या हातून जें सुंदर काम झालें आहे, त्यांतील फार मोठा भाग चुलीशेजारीं, पाळण्याची दोरी एका हातीं धरून बसलेल्या बायकांनीं केलेला आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतांना कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारीं बसवावा, याचा विचार करणारी आई रंगांचा मेळच साधीत असते. परंतु तिच्या कामाला कोणी कला म्हणत नाहीं, आणि तिच्या स्वतःच्या मनांतही तो शब्द येत नाहीं. गोधडी थंडीसाठीं शिवलेली असते. पांघरतां पांघरतां ती विरते, आणि तिच्याबरोबर शिवणारीचें नांवही विरून जातें.

या सर्वसाधारण नियमाला एक ठळक अपवाद अमेरिकेच्या इतिहासांत आढळतो. एका शेतमजुराची बायको, दहा मुलांची आई, आयुष्यभर लोणी काढणारी, मुरंबे घालणारी, कपडे शिवणारी आणि गोधड्या जोडणारी एक स्त्री वयाच्या पंचाहत्तरीनंतर नेमानें कुंचला हातीं धरते आणि थोड्याच वर्षांत तिचें नांव समुद्रापलीकडे पोंचतें, ही हकीगत कादंबरींत शोभण्यासारखी आहे. ती सर्वस्वीं खरी आहे. जगानें या बाईस ‘ग्रँडमा मोझेस’, म्हणजे मोझेस आजी, असें नांव दिलें. घरकाम आणि कला यांच्यामधील भिंत किती पातळ आहे, आणि ती ओलांडण्यास एका आईला किती वर्षें वाट पाहावी लागते, या दोन्ही गोष्टी तिच्या चरित्रांत एकदम दिसतात.

ॲना मेरी रॉबर्टसन हें तिचें माहेरचें नांव. तिचा जन्म ७ सप्टेंबर १८६० रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील ग्रीनिच या गांवीं झाला. न्यूयॉर्क म्हटलें म्हणजे आकाशाला भिडणाऱ्या इमारतींचें शहर डोळ्यांसमोर उभें राहतें; पण त्याच नांवाच्या राज्याचा हा ईशान्येकडील भाग टेकड्यांचा, कुरणांचा आणि लहान लहान शेतवाड्यांचा आहे, व व्हरमाँट राज्याची सीमा तेथून जवळ आहे. ॲना मेरी जन्मली तेव्हां अब्राहम लिंकन अद्याप अध्यक्ष झाला नव्हता. पुढच्याच वर्षीं, १८६१ सालीं, अमेरिकेचें यादवी युद्ध सुरू झालें. १८६५ सालीं लिंकनचा खून झाला, त्या दिवसांत वाटेवरील एका इमारतीचे खांब काळ्या कापडानें झांकलेले या चार वर्षांच्या मुलीनें पाहिले, आणि तें दृश्य तिच्या स्मरणांत कायमचें राहिलें. डोळ्यांनीं पाहिलेलें न विसरणें हें तिचें पहिलें भांडवल होय.

दहा भावंडांत ती तिसरी. बाप शेती करी आणि जवसाच्या झाडाचा धागा काढण्याची गिरणी चालवी. त्या काळच्या अमेरिकन शेतकऱ्याच्या घरांत बाजारांतून येणाऱ्या वस्तु थोड्या आणि घरीं होणाऱ्या वस्तु पुष्कळ असत. मेणबत्त्या घरीं ओतीत, साबण घरीं करीत, मेपल नांवाच्या झाडाचा रस आटवून साखर घरीं करीत, आणि कपडे तर घरींच शिवले जात. मुलगी चालूं लागली कीं तिच्या हातीं लवकरच सुई येई. ही विद्या शिकविण्यास निराळा गुरु नको असे; आईच्या हाताकडे पाहून हात चालूं लागे.

या घरांत चित्रकलेचा प्रवेश झाला तो बापामुळें. मुलांसाठीं तो कोऱ्या कागदाचे मोठे ताव आणी; एका तावाला एक पेनी पडे. खाऊपेक्षां कागद जास्त वेळ पुरतो, हा त्याचा हिशेब. ॲना मेरी त्यावर चित्रें काढी, आणि रंगासाठीं द्राक्षांचा अगर दुसऱ्या फळांचा रस वापरी. निसर्गचित्राला इंग्रजींत ‘लँडस्केप’ म्हणतात. या मुलीच्या तोंडीं त्याचें ‘लँबस्केप’, म्हणजे कोंकरांचें चित्र, असें झालें होतें. बापाला हा नाद आवडे. आई मात्र व्यवहारी होती. मुलीचा वेळ याहून उपयोगाच्या कामीं लागला तर बरें, असें तिला वाटे. आईला दोष देण्याचें कारण नाहीं. दहा मुलांच्या घरांत रिकामा हात ही चैन होती.

शाळा एका खोलीची. वर्षांतून तीन महिने उन्हाळ्यांत आणि तीन महिने हिवाळ्यांत ती भरे. परंतु उबदार कपड्यांच्या अभावीं मुलींना हिवाळ्यांत फारसें जातां येत नसे. अशा रीतीनें झालेलें थोडेंसें शिक्षण पदरीं बांधून बाराव्या वर्षीं ॲना मेरी दुसऱ्यांच्या घरीं कामाला राहिली. पुढील पंधरा वर्षें स्वयंपाक, झाडलोट, शिवण आणि आजाऱ्याची शुश्रूषा यांत गेलीं. व्हाइटसाइड नांवाच्या एका कुटुंबांत तिला चांगली माणसें भेटलीं. त्यांच्या घरांत ‘करियर आणि आइव्हज’ या न्यूयॉर्कच्या छापखान्याचीं रंगीत शिळाछापी चित्रें होतीं. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यांतील तसबिरी जशा पुढें घरोघरीं भिंतींवर लागल्या, तशींच हीं स्वस्त चित्रें अमेरिकेंत घरोघरीं पोंचलेलीं होतीं. काम करतां करतां ही मुलगी त्या चित्रांपुढें थबकते, हें मालकांच्या ध्यानांत आलें, आणि त्यांनीं तिला खडू व मेणाच्या रंगीत कांड्या आणून दिल्या. चित्रकलेच्या शिक्षणासाठीं तिच्यावर दुसऱ्यांनीं केलेला खर्च बापाच्या कागदानंतर बहुधा एवढाच.

९ नोव्हेंबर १८८७ रोजीं तिचा विवाह टॉमस सामन मोझेस याच्याशीं झाला. तोही तिच्यासारखाच परक्याच्या शेतवाडींत राबणारा गडी होता. दोघेंजण दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलिनांत नोकरीवर जाण्यास निघालीं. वाटेंत व्हर्जिनिया राज्यांतील स्टाँटन या गांवीं मुक्काम पडला, तेथील लोकांनीं शेत कसण्यास घ्या म्हणून आग्रह केला, आणि तीं शेनँडोआ नदीच्या खोऱ्यांतच राहिलीं. हा मुक्काम अठरा वर्षांचा झाला.

या अठरा वर्षांत मोझेसबाईंच्या हातून एकही चित्र झाल्याचें कोणी सांगत नाहीं. पण हात रिकामा राहिला असें मात्र झालें नाहीं. नवऱ्यानें पैसे मिळवावे आणि आपण त्याच्यापुढें हात पसरावा, हें त्यांच्या स्वभावास मानवत नसे. साठविलेल्या पैशांतून त्यांनीं गाय घेतली, तिच्या दुधाचें लोणी काढून विकूं लागल्या, आणि लोण्याला मागणी वाढत गेली. पुढें बटाट्याच्या पातळ काचऱ्या तळून विकण्याचाही उद्योग त्यांनीं केला. घरांतील कपडे, पांघरुणें, मुलांचे अंगरखे हें सारें त्यांच्याच सुईचें काम. अशा कामांत नजर आणि हात यांना जी शिस्त लागते तिचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. लोणी नेमकें केव्हां गोळा होतें, मुरंब्याचा पाक केव्हां उतरावा, दोन रंगांचे कापड शेजारीं ठेवले असतां कोणता रंग दुसऱ्याला मारतो, हें ज्ञान पुस्तकांतून मिळत नसतें. तें मिळविण्यास वर्षेंच द्यावीं लागतात, आणि मोझेसबाई तीं देत होत्या.

याच खोऱ्यांत त्यांना दहा मुलें झालीं. त्यांतील पांचच जगलीं; उरलेलीं पांच जन्मतांच किंवा तान्हेपणींच गेलीं. १९०५ सालीं हें कुटुंब उत्तरेकडे परत निघालें, तेव्हां पांच मुलें बरोबर होतीं आणि पांच लहान थडगीं त्या खोऱ्यांत मागें राहिलीं. मोझेसबाईंचीं हंसरीं, गजबजलेलीं, मुलांनीं भरलेलीं चित्रें पाहतांना ही गोष्ट विसरूं नये. त्यांच्या चित्रांत मुलें फार दिसतात. तीं बर्फावरून घसरतात, टर्की पक्ष्यामागें धांवतात, साखरेच्या कढईभोंवतीं गर्दी करतात. दुःख रंगविणें त्यांना आवडत नसे, आणि दुःखाला विषय करण्यास तें त्यांना अपरिचित होतें असें मात्र कोणास म्हणतां येणार नाहीं.

उत्तरेंत ईगल ब्रिज या गांवाजवळ त्यांनीं शेत घेतलें व त्याला ‘माउंट नेबो’ असें नांव दिलें. बायबलांतील मोझेस यानें ज्या डोंगरावरून आपल्या लोकांना देऊं केलेली भूमि पाहिली, आणि जेथें त्याचा अंत झाला, त्या डोंगराचें हें नांव. आडनांवावरून सुचलेला हा विनोद पुढें खरा ठरला. १९२७ सालीं टॉमस मोझेस याच शेतावर वारला.

तत्पूर्वीं, १९१८ सालीं, एक लहानशी गोष्ट घडली. त्या देशांत खोलींतील शेकोटीचें तोंड उन्हाळ्यांत एका फळ्यानें झांकून ठेवतात. बैठकीच्या खोलीला नवा कागद लावीत असतां नेमका त्या फळ्यापुरता कागद कमी पडला. मोझेसबाईंनीं फळ्यावर साधा पांढरा कागद चिकटविला आणि घरांत उरलेल्या रंगांनीं त्यावर दोन उंच झाडें व मागें पाणी असें एक मोठें दृश्य रंगवून टाकलें. त्यांच्या मोठ्या चित्रांतील हें पहिलें. तें चित्र काढावें म्हणून काढलेलें नव्हतें. कागद संपला म्हणून काढलेलें होतें. उणें पडलें तेथें हाताशीं असेल त्याचें ठिगळ लावावें, पण तें ठिगळही डोळ्यांना गोड दिसावें, हा गोधडी शिवणारीचाच धर्म येथें दिसून येतो.

वैधव्यानंतर शेताचा कारभार मुलाच्या हातीं गेला. १९३२ सालीं मुलगी ॲना क्षयानें आजारी पडली, तेव्हां तिची शुश्रूषा करण्यासाठीं मोझेसबाई व्हरमाँटमधील बेनिंग्टन येथें जाऊन राहिल्या. याच आजारी मुलीनें एके दिवशीं आईला लोकरीच्या धाग्यांनीं भरलेलें एक चित्र दाखविलें आणि असें एक मला करून दे म्हणून हट्ट धरला. आईनें तें केलें, आणि मग एकामागून एक पुष्कळ केलीं. कापडावर टेकड्या, घरें, पूल, झाडें हीं सारीं रंगीत लोकरीनें भरावयाचीं, आणि झालेलें चित्र कोणा ना कोणा आप्तइष्टास देऊन टाकावयाचें, असा तो क्रम होता. पुढच्या वर्षीं मुलगी वारली. तिच्या पोरक्या मुलांसाठीं आजीला कांहीं काळ तेथेंच राहावें लागलें. त्यांच्या कलेचा पुनर्जन्म झाला तो असा एका मरणोन्मुख लेकीच्या उशाशीं.

भरतकाम आणि चित्रकाम यांचा संबंध किती जवळचा आहे, हें या धाग्यांच्या चित्रांवरून समजतें. कुंचल्यानें दोन रंग एकमेकांत मिसळतां येतात. सुईनें तसें करतां येत नाहीं. गवताचा हिरवा रंग साधावयाचा असेल तर गडद हिरवा, पोपटी, पिवळा असे निरनिराळे टांके शेजारीं शेजारीं घालावे लागतात, आणि दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते आपोआप मिसळतात. मोझेसबाईंच्या पुढील तैलचित्रांतील कुरणें व डोंगर पाहिले म्हणजे हीच रीत तेथें आढळते. रंगांचे बारीक बारीक फटकारे टांक्यांसारखे ओळीनें बसलेले असतात. दूरवर पसरलेलीं शेतें तर उघड उघड गोधडीच्या चौकड्यांसारखींच दिसतात.

परंतु सुई फार दिवस हातीं राहावयाची नव्हती. पंचाहत्तरीच्या सुमारास सांधेदुखीनें बोटें आंखडूं लागलीं आणि टांका घालणें जड जाऊं लागलें. त्यांची बहीण सेलेस्टिया हिनें सुचविलें कीं, सुईपेक्षां कुंचला धरणें सोपें जाईल. उपाय घरगुती होता, आणि तो लागू पडला. एक हात दुखूं लागला कीं त्या दुसऱ्या हातानें रंगवीत. पुढें लोक त्यांना विचारीत कीं, या वयांत चित्रें काढण्याची प्रेरणा कोठून झाली? त्यावर, चित्रें काढलीं नसतीं तर कोंबड्या पाळल्या असत्या, अशा अर्थाचें त्या उत्तर देत. या उत्तरांत विनोद असला तरी तें खोटें नव्हतें. स्वस्थ बसणें माहीत नसलेल्या हाताला काम हवें होतें, आणि तें पुरवितांना बालपणचा राहून गेलेला नाद पुन्हां जागा झाला.

त्यांची काम करण्याची पद्धत सर्वस्वीं गृहिणीची होती. चित्रकार आधीं चित्र काढतो आणि मग त्याला चौकट करवितो. मोझेस आजी आधीं अडगळींतून जुनी चौकट शोधीत आणि मग तिच्या मापाचा तक्ता कापीत, कारण चौकट फुकट जातां कामा नये. कापडाऐवजीं लाकडाच्या भुशापासून केलेला टणक तक्ता त्या घेत. तो टिकाऊ असे. त्यावर पांढऱ्या साध्या रंगाचे तीन हात देत, म्हणजे वरचा महाग रंग कमी लागे. तीन-चार तक्ते एकदम घेऊन सर्वांवर आधीं आकाशाचा निळा रंग भरून घ्यावयाचा, म्हणजे एकदां कालविलेला रंग वाळून वायां जात नाहीं. एका घाण्यांत चार बरण्या भराव्या तसेंच हें. काम नेहमीं वरून खालीं चाले. प्रथम आकाश, मग डोंगर, मग टेकड्या, झाडें, घरें, गुरें आणि अखेरीस माणसें. बर्फ चमकतो हें त्यांनीं जन्मभर पाहिलेलें होतें. म्हणून बर्फाच्या चित्रावर त्या चमकी टाकीत. जाणत्या लोकांना हें रुचत नसे. पण थंडीच्या सकाळीं बर्फ तसाच दिसतो, याविषयीं आजीबाईंची खात्री होती.

रेखाटन शिकण्याची त्यांची रीतही अशीच स्वतःची होती. शिकविणारा कोणी नव्हता. वर्तमानपत्रें, मासिकें, नाताळचीं शुभेच्छापत्रें यांतील लहान लहान आकृति त्या कापून जपून ठेवीत. धांवणारा घोडा, पाणी आणणारी बाई, घसरगाडीवर बसलेलें पोर अशा त्या आकृति असत. चित्र मांडतांना त्या पुढें घेऊन इकडून तिकडे सरकवून पाहत आणि जागा ठरली कीं आराखडा उमटवून घेत. चित्रशाळेंतील विद्यार्थी ज्याला नक्कल म्हणतील तें हेंच. परंतु ज्या टेकड्यांत आणि ज्या हवेंत त्या आकृति वावरत, तें सारें मोझेस आजींच्या स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें आणि मनांत सांठविलेलें असे. वयाच्या ऐंशीनंतरही त्यांची नजर शिकतच होती. १९४६ सालीं त्यांनीं आपल्या खिडकींतून दिसणारें हूसिक नदीचें खोरें रंगविलें. त्यांत खिडकीचे पडदेही दोन्ही बाजूंस दाखविले आहेत. जगाकडे घरांतून पाहणाऱ्या स्त्रीचें हें चित्र आहे.

प्रसिद्धीचा मार्ग मात्र सरळ नव्हता. गांवच्या जत्रेंतील प्रदर्शनाला त्यांनीं एकदां डब्यांत घातलेलीं फळें व मुरंबा यांजबरोबर कांहीं चित्रेंही पाठविलीं. फळांना आणि मुरंब्याला बक्षीस मिळालें. चित्रांना कांहींच मिळालें नाहीं. पुढें हूसिक फॉल्स या गांवांतील एका औषधांच्या दुकानांत, बायकांच्या हातच्या वस्तु विक्रीस ठेवीत असत तेथें, त्यांचीं चित्रें ठेवण्यांत आलीं. आकाराप्रमाणें तीन डॉलर, पांच डॉलर अशी किंमत होती. चित्रें खिडकींत धूळ खात पडलीं. १९३८ सालच्या ईस्टरच्या सुमारास लुई कॅल्डर नांवाचा न्यूयॉर्कचा एक चित्रसंग्राहक गृहस्थ त्या वाटेनें जात असतां थांबला, त्यानें तीं विकत घेतलीं आणि चित्रकर्तीचें घर विचारीत तो तेथें जाऊन पोंचला. आजी घरीं नव्हत्या. अजून दहा चित्रें आहेत असें सुनेनें त्याला सांगून टाकलें. आजींनीं रात्रीं शोधून पाहिलें तों नऊच निघालीं. तेव्हां एका मोठ्या चित्राचे त्यांनीं मधोमध दोन भाग केले, दोन जुन्या चौकटींत बसविले आणि सकाळीं दहा चित्रें मोजून दिलीं. कापड कमी पडलें कीं फाडून जोडावें, ही बुद्धि येथेंही उपयोगी पडली.

कॅल्डर तीं चित्रें घेऊन न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांकडे हिंडला. कित्येकांना चित्रें बरीं वाटलीं, पण चित्रकर्तीचें वय अठ्ठ्याहत्तर आहे हें ऐकतांच त्यांनीं हात आंखडता घेतला. इतक्या वृद्ध बाईची प्रसिद्धि करण्यांत घातलेला पैसा परत कधीं यावयाचा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा हिशेब किती चुकला हें पुढील तेवीस वर्षांनीं दाखविलें. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत अप्रसिद्ध चित्रकारांच्या एका प्रदर्शनांत त्यांचीं तीन चित्रें मांडलीं गेलीं. ऑक्टोबर १९४० मध्यें ओटो कालिर या गृहस्थानें आपल्या चित्रदालनांत केवळ त्यांच्याच चित्रांचें प्रदर्शन भरविलें. त्याचें नांव ‘एका शेतकऱ्याच्या बायकोनें काय रंगविलें’ असें होतें.

येथें इतिहासाची एक विलक्षण गांठ पडलेली दिसते. कालिर हा मूळचा व्हिएन्नाचा. तेथें १९२३ पासून त्याचें चित्रदालन होतें, आणि क्लिम्ट व शीले यांच्यासारख्या धीट चित्रकारांचीं चित्रें तो दाखवीत असे. मार्च १९३८ मध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू वंशाच्या कालिरला देश सोडावा लागला. ज्या वसंतऋतूंत त्याचें घर सुटलें, त्याच वसंतांत औषधांच्या दुकानांतील तीं चित्रें कॅल्डरच्या दृष्टीस पडलीं होतीं. घरदार गमावून परक्या भूमीवर आलेल्या या मनुष्याला एका शेतकरणीच्या घरच्या आठवणींचें मोल कळलें, यांत नवल तें काय? पुढें जन्मभर त्यानेंच तिच्या चित्रांचा सांभाळ केला आणि त्यांची यादी तयार केली.

त्या प्रदर्शनास मोझेस आजी गेल्या नाहींत. सर्व चित्रें आपण पाहिलेलींच आहेत, असें त्यांचें म्हणणें पडलें. नोव्हेंबरांत गिम्बल्स या मोठ्या दुकानानें तींच चित्रें मांडलीं तेव्हां मात्र त्या काळा पोशाख व लहानशी टोपी घालून, घरची पाव-रोटी आणि मुरंबे बरोबर घेऊन हजर झाल्या. जमलेल्या मंडळींपुढें त्यांनीं मुख्यतः मुरंबे कसे घालावे हेंच सांगितलें. कित्येकांना ही भोळेपणाची गंमत वाटली. परंतु ज्या कामाला जत्रेंत बक्षीस मिळालें होतें तें काम आणि ज्याला मिळालें नव्हतें तें काम, या दोन्हींची योग्यता त्या एकच समजत होत्या, असाही त्याचा अर्थ होतो.

त्यानंतर कीर्ति वाढतच गेली. १९४१ मध्यें त्यांच्या एका चित्राला न्यूयॉर्क राज्याचें पारितोषिक मिळालें. शुभेच्छापत्रांवर त्यांचीं चित्रें छापलीं जाऊन लक्षावधि घरांत पोंचलीं. १९४९ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. १९५० सालीं त्यांचीं चित्रें व्हिएन्ना, पॅरिस वगैरे यूरोपांतील शहरांत दाखविण्यांत आलीं. १९५२ सालीं त्यांचें आत्मवृत्त प्रसिद्ध झालें. १९५३ च्या डिसेंबरांत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांची मुद्रा झळकली.

एवढ्या लोकप्रियतेचें कारण केवळ चित्रांच्या गुणांत शोधून भागणार नाहीं. तें काळांतही शोधावें लागतें. १९२९ नंतरच्या मंदीनें अमेरिकन शेतकरी खचलेला होता. त्यामागून महायुद्ध आलें. मुलगे परदेशीं लढत होते, खेड्यांतील माणसें कारखान्यांच्या शहरांत जात होतीं, घोड्यांच्या जागीं यंत्रें येत होतीं. अशा वेळीं साखर आटविण्याचा दिवस, कपडे धुण्याचा वार, गोधडी शिवण्यासाठीं जमलेल्या शेजारणी हीं दृश्यें पाहून लोकांना आपलें गेलेलें घर सांपडल्यासारखें झालें. टीकाकारांपैकीं कांहींनीं याच गोष्टीला दोष दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, या चित्रांत कष्ट नाहींत, दारिद्र्य नाहीं, रेखाटन कच्चें आहे, विषय तेच तेच आहेत, आणि लोक चित्रापेक्षां चित्रकर्तीच्या वयालाच जास्त भुलले आहेत. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नव्हे. दूरचें आणि जवळचें यांचें प्रमाण त्यांना शास्त्रशुद्ध साधलें नाहीं, आणि एकच विषय त्यांनीं अनेकदां रंगविला, हें खरें. पण ऋतु बदलला कीं हवेचा रंग कसा बदलतो, वादळापूर्वीं कुरणाचा हिरवा रंग कसा उजळतो, हें त्यांच्याइतकें अचूक सांगणारे शिकलेले चित्रकारही थोडेच. कष्ट त्यांनीं दाखविले नाहींत असें म्हणणेंही पुरतें बरोबर नाहीं. त्यांच्या चित्रांत माणसें सदैव कामांतच असतात. तें काम ओझें म्हणून रंगविलेलें नाहीं, एवढेंच.

१९६० सालीं त्यांना शंभर वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां न्यूयॉर्क राज्याच्या राज्यपालांनीं तो दिवस त्यांच्या नांवानें पाळण्याचें जाहीर केलें. शंभरी उलटल्यावरही त्यांचा कुंचला चालूच होता. ‘इंद्रधनुष्य’ या नांवाचें चित्र त्यांच्या अखेरच्या, १९६१ च्या, कामांपैकीं आहे. १३ डिसेंबर १९६१ रोजीं, वयाच्या एकशें एकाव्या वर्षीं, हूसिक फॉल्स येथें त्यांचा अंत झाला. ज्या गांवच्या औषधांच्या दुकानांत तीन डॉलरांचें चित्र कोणी घेत नव्हतें, तेंच हें गांव. त्यांच्या चित्रांची संख्या पंधराशेंहून अधिक भरते. १९६९ सालीं त्यांच्या सन्मानार्थ अमेरिकेच्या टपालखात्यानें तिकीट काढलें. २००६ सालीं ‘शुगरिंग ऑफ’, म्हणजे साखर आटविणें, हें त्यांचें १९४३ सालचें चित्र दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें.

बेनिंग्टन येथील संग्रहालयांत त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. त्या ज्या एका खोलीच्या शाळेंत शिकल्या, ती शाळाही तेथें आणून ठेवली आहे. ज्या जुन्या मेजावर बसून त्या रंगवीत, त्या मेजाच्या खालच्या भागावरही त्यांनीं दृश्यें काढलेलीं आहेत; कोरी जागा दिसली कीं ती सजविल्यावांचून त्यांना राहवत नसे. चित्राच्या बाजाराला या मेजाचा उपयोग नव्हता. तें घरच्यासाठीं होतें, जशीं लोकरीचीं चित्रें घरच्यांसाठीं होतीं आणि गोधड्याही.

मोझेस आजी शंभर वर्षें जगल्या म्हणून जगाला त्यांची कला दिसली. साठाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला असता तर एका कष्टाळू शेतकरणीपलीकडे त्यांची कांहींच नोंद राहिली नसती. आणि तरीही ती नजर, तो हात आणि तें रंगांचें ज्ञान त्यांच्यापाशीं तेव्हांही होतेंच. सांधे दुखले नसते, बहिणीनें सुचविलें नसतें, लेकीनें हट्ट धरला नसता, परका गृहस्थ दुकानापुढें थांबला नसता, तर ती विद्या इतर असंख्य आयांच्या विद्येप्रमाणें पांघरुणांतच राहून विरून गेली असती. एका बाईची कीर्ति सांगतांना इतिहासानें या दुसऱ्या बायांचीही आठवण ठेवणें न्यायाचें आहे. त्यांचीं नांवें आतां सांपडणार नाहींत. परंतु घराघरांतील जुन्या पेट्यांच्या तळाशीं त्यांचें काम अजून घडी घालून ठेवलेलें आहे. तें उलगडून पाहण्यास मात्र वयाची अट नाहीं, आणि ज्या हातांनीं तें केलें ते हात अद्याप चालते असतील, तर त्यांना कोरा कागद आणून देण्यासही उशीर झालेला नाहीं.